स्फटिकाची प्रतीक्षा, विद्यावेतनाची प्रतीक्षा

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका संयुगाचा निर्दोष स्फटिक मिळावा म्हणून मी अकरा महिने वाट पाहिली. द्रावके बदलली, तापमान बदलले, धक्का लागू नये म्हणून बाटल्या कपाटात ठेवल्या. त्याच वर्षी सात महिने विद्यावेतनाचीही वाट पाहिली. पहिल्या विलंबाचे कारण निसर्गात होते. दुसऱ्याचे, दोन कार्यालयांच्या दरम्यान अडकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रात.

सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र रेणू एकमेकांना ज्या दुर्बल आकर्षणांनी धरून ठेवतात, त्यांचा अभ्यास करते. ही मांडणी बदलली की तोच रेणू वेगळे स्फटिकरूप घेतो आणि औषधाची विद्राव्यताही बदलू शकते. १९९८ मध्ये रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाचे कमी विरघळणारे रूप अनपेक्षितपणे अवतरले आणि त्याच्या कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरील औषधाच्या बीटा स्फटिकरूपाला पेटंट नाकारले. पेटंट कायद्यातील कलम ३(डी) नुसार, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढते हे सिद्ध करावे लागते. म्हणजे स्फटिकाची रचना हा रुग्णाच्या खिशाचाही प्रश्न आहे.

या विद्येची परंपरा आपल्याकडे आहे. १९५४ मध्ये मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांनी कोलॅजेनची तिहेरी सर्पिल रचना मांडली. १९९५ मध्ये हैदराबाद विद्यापीठातून गौतम देसिराजू यांनी सुप्रामॉलिक्युलर सिंथॉनची संकल्पना पुढे आणली. ही परंपरा पुढे चालवणारे हात मात्र संशोधक विद्यार्थ्यांचे असतात. त्यांचे कनिष्ठ विद्यावेतन २०१९ पासून दरमहा ३१,००० रुपये होते. १ जानेवारी २०२३ पासून ते ३७,००० झाले. वाढ स्वागतार्हच, पण वेळेवर न मिळणारी रक्कम घरभाडे भरत नाही.

माझी मागणी साधी आहे. विद्यावेतन पगाराप्रमाणे ठरलेल्या तारखेला द्यावे आणि कागदपत्रांची पूर्तता संस्थांनी आपसांत करावी. तिचा भार विद्यार्थ्यावर टाकू नये. क्ष-किरण विवर्तनाच्या उपकरणासाठी निधी देताना देखभालीची तरतूदही त्यासोबतच करावी, कारण काही स्फटिक द्रावकाबाहेर काढताच मिनिटांत विस्कटतात; ते दुरुस्तीची निविदा निघेपर्यंत थांबत नाहीत.

बाराव्या महिन्यात माझा स्फटिक मिळाला. शेजारच्या टेबलावरचा सहकारी तोवर संशोधन सोडून नोकरीला लागला होता. त्याच्या बाटल्या अजून कपाटातच होत्या.