श्वासाचे यंत्र आणि चेहऱ्यावरील दाबव्रण

स्वतःच्या बळावर पुरेसा श्वास घेणे ज्या रुग्णास शक्य होत नाही, त्यास यंत्राच्या साह्याने श्वास पुरविण्याची सोय आता केवळ महानगरांपुरती राहिलेली नाही. २०२० व २०२१ मधील कोविड-१९ च्या साथीत ‘बायपॅप’ या यंत्राचे नाव खेड्यापाड्यांतील कुटुंबांनाही परिचित झाले. फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने पीडित असलेले काही रुग्ण हे यंत्र घरीही वापरतात. यंत्रातील हवा रुग्णापर्यंत पोचते ती चेहऱ्यावर पट्ट्यांनी बसविलेल्या मास्कमधून. आणि हाच मास्क नाकाच्या हाडावर अवघ्या काही तासांत जखम करू शकतो. या जखमेस दाबव्रण म्हणतात. ती होऊ न देण्याचे उपाय साधे आहेत; मात्र ते मास्क लावताक्षणीच सुरू झाले पाहिजेत.

नळीविना श्वास

१९२८ साली बोस्टन येथे फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी पोलिओच्या रुग्णांसाठी उपयोगी ठरलेले ‘लोखंडी फुफ्फुस’ तयार केले. त्यात मान व डोके वगळता रुग्णाचे सारे शरीर बंदिस्त असे. पुढे श्वासनलिकेत नळी घालून श्वास देण्याची पद्धत रूढ झाली. १९८१ साली सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांना नाकावरील मास्कमधून दाबयुक्त हवा देण्याचा उपचार प्रसिद्ध केला, आणि मास्कद्वारे श्वास देण्याच्या तंत्रास नवी चालना मिळाली.

या तंत्राचा मोठा लाभ असा, की रुग्णाच्या घशात नळी घालावी लागत नाही. नळीमुळे होणारा फुफ्फुसांचा जंतुसंसर्ग टळतो, रुग्ण शुद्धीवर राहतो व उपचारास विराम देऊन पाणीही पिऊ शकतो. परंतु नाकावर जखम झाली, की मास्कचा स्पर्शही सहन होत नाही. रुग्ण मास्क काढून टाकू लागतो, उपचारात खंड पडतो आणि जी नळी टाळावयाची होती तीच घालण्याची वेळ येऊ शकते. जखम लहान असली तरी तिचा परिणाम लहान नसतो, तो यामुळे.

जखम कशी होते?

त्वचेला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या अत्यंत नाजूक असतात. १९३० साली युजीन लँडिस यांनी बोटाच्या नखाजवळील केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला. धमनीकडील बाजूस तो सरासरी पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर इतका आढळला. हा आकडा प्रत्येक व्यक्तीस व अवयवास तंतोतंत लागू पडत नाही. तथापि तत्त्व स्पष्ट आहे. बाहेरून पडणारा दाब आतील दाबापेक्षा अधिक झाला व तसाच टिकला, तर रक्त थांबते आणि त्वचेचा तो भाग मृत होऊ लागतो.

पाण्याने भरलेली बादली बारीक तारेच्या कडीने उचलली तर बोटांना काचते. तीच कडी जाड कापडात गुंडाळली तर काचत नाही. भार तोच, पण तो पेलणारी जागा रुंद होते. मास्कचा भार त्याच्या अरुंद कडेवर येतो. त्यातही नाकाच्या वरच्या भागी त्वचा पातळ, खाली चरबी जवळजवळ नाही आणि लगेच हाड. म्हणून बहुतेक दाबव्रण तेथेच होतात. घाम व उच्छ्वासातील ओलावा यांमुळे त्वचा आणखी हळवी होते. वार्धक्य, कुपोषण, सूज व रक्तातील प्राणवायूची कमतरता हीही कारणे भर घालतात.

प्रतिबंधाचे उपाय

पहिला उपाय योग्य मापाचा मास्क. लहान व मोठ्या चेहऱ्यांना एकच मास्क चालत नाही. मास्कसोबत मापपट्टी मिळत असल्यास तिचा वापर करावा.

दुसरा उपाय पट्ट्यांचा ताण. हवा गळू नये म्हणून पट्टे आवळत जाण्याची प्रवृत्ती असते; ती घातक आहे. आधुनिक यंत्रे थोडी गळती भरून काढतात. पट्ट्याखालून एक-दोन बोटे सहज सरकली पाहिजेत व दोन्ही बाजूंचा ताण समान असला पाहिजे. डोळ्यांकडे येणारी हवा मात्र थांबवावी. त्यासाठी मास्क उचलून पुन्हा नीट बसवावा.

तिसरा उपाय संरक्षक पट्टी. हायड्रोकोलॉइड अथवा मऊ फोमची पातळ पट्टी त्वचा लाल होण्यापूर्वीच नाकावर लावावी. पट्टीवर पट्टी चढवू नये. त्याने दाब वाढतो.

चौथा उपाय नियमित पाहणी. निदान दर चार तासांनी मास्क उचलून त्वचा पाहावी. किती वेळ मास्क काढता येईल हे डॉक्टरांनीच ठरवावे. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडल्यावरही लाली ओसरली नाही, तर ती दाबव्रणाची पहिली पायरी होय. सावळ्या वर्णावर लाली सहज दिसत नाही. म्हणून तेथे उष्णता, कडकपणा वा वेदना आहे काय, हे हाताने व विचारून पाहावे. अशा जागी चोळू नये. शक्य असल्यास निराळ्या आकाराचा मास्क आलटून-पालटून वापरावा, म्हणजे दाबाची जागा बदलते.

घरी घ्यावयाची काळजी

मास्कची उशी रोज सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. कडक झालेली वा चिरलेली उशी बदलावी. चेहरा स्वच्छ व कोरडा असावा. मास्कखाली तेल किंवा व्हॅसलिन लावू नये. त्याने मास्क घसरतो आणि प्राणवायू सुरू असताना आगीचाही धोका संभवतो. नाकावर डाग, फोड वा वेदना दिसताच आरोग्य केंद्रास कळवावे. मास्क आपल्या मनाने बंद करू नये, आणि दुखत असताना तसाच आवळूनही ठेवू नये.

सामूहिक जबाबदारी

यंत्र खरेदी करताना विविध मापांचे मास्क, सुट्या उशा व संरक्षक पट्ट्या यांचीही तरतूद व्हावी. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लोकप्रतिनिधींनी याविषयी आवर्जून विचारणा करावी. त्वचेच्या पाहणीची वेळ परिचारिकांच्या नोंदवहीत लिहिली जावी, म्हणजे पाळी बदलली तरी पाहणीत खंड पडणार नाही. गावातील शिक्षकांनी अशा रुग्णांच्या कुटुंबीयांना ही माहिती समजावून दिली, तर तिचा उपयोग प्रत्यक्ष घराघरांत होईल.

बहुमोल यंत्राचा लाभ रुग्णाला अखेरपर्यंत मिळावयाचा असेल, तर यंत्रावरील आकड्यांइतकेच लक्ष त्याच्या नाकावरील त्वचेकडेही दिले पाहिजे.