न्यायाचा काटा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण जुनी खरी, पण अजून ती लोकांच्या तोंडून जात नाही. गेल्या पावसाळ्यात मी गावी गेलो होतो, तेव्हा एकाच पारावर एकाच संध्याकाळी मला ती दोनदा ऐकायला मिळाली, आणि तीही अगदी उलट कारणांसाठी.

पहिले बोलले ते आमचे शेजारी तात्या. त्यांच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. ठाण्यावर गेले, तर अंमलदाराने साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला आणि "बघतो" म्हणून घरी पाठवले. पुढे गावकऱ्यांनीच चोर शोधून दिला. तो पंधरा दिवसांत जामिनावर सुटून त्याच पारावरून शीळ घालत गेला. तात्या म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेली माणसं. सांगा बघू, हा कायदा चोरासाठी आहे का सावासाठी?"

त्यांचे बोलणे संपते न संपते तोच कडेला बसलेली एक म्हातारी पुढे सरकली. मजुरीवर पोट असलेली बाई. ती म्हणाली, "बाबा, माझं लेकरू चौदा महिनं आत हाय. रानातल्या शेळ्या चोरल्या म्हनून धरलं. कोर्टानं जामीन दिलाय म्हनत्यात, पर जामीनदार कुठला आनू? आमच्याकडं ना सात-बारा, ना घराचा उतारा."

मंडळी, एक म्हणतो कायदा फार सैल, दुसरी म्हणते कायदा फार कडक. दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाच कायद्याची ही दोन रूपे कशी, आणि त्यात आपल्या हाती काय आहे, एवढेच आज मी सांगणार आहे.

सुरुवात ठाण्यापासून करू. गुन्ह्यांचे दोन वर्ग असतात. दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्यांच्यानुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची, आणि तीही पहिलीच, चोरी अदखलपात्र धरली जाते. तात्यांची मोटार त्याहून पुष्कळ महाग होती. म्हणजे तो दखलपात्र गुन्हा. अशा गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात दिला. काही ठरावीक प्रकरणांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. पण "बघतो" हे काही त्या चौकशीचे नाव नव्हे.

तेव्हा ठाण्यावर गेल्यावर काय करावे? सांगितलेली खबर लिहून झाली की ती वाचून दाखवायला सांगावी, पटली तरच सही करावी, आणि प्रत मागावी. ही प्रत फुकट मिळते. हद्द आमची नाही, पलीकडच्या ठाण्याची आहे, हे कारणही आता चालत नाही. कोणत्याही ठाण्यात खबर देता येते, नंतर ती योग्य ठाण्याकडे जाते. एवढे करूनही नोंद घेतली नाही, तर तीच हकिकत लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तात्यांनी यातले काहीच केले नव्हते. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

आता संशयाची गोष्ट. चोरी झाली की पहिली बोट कुणाकडे जाते, हे तुम्ही आपल्या मनाला विचारून पाहा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो वाढत वाढत देशभर पसरला. त्या कायद्याने गुन्हा कुणी केला हे न पाहता जन्म कुठल्या जातीत झाला हे पाहिले. पारधी, कैकाडी अशा अनेक जमातींना हजेरी लावावी लागे. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि या जमातींना आपण विमुक्त म्हणू लागलो. कागदावरची तार तुटली. मनातली अजून पुरती तुटलेली नाही, पोलिसांच्याही नाही आणि आपल्याही नाही.

अटकेबद्दलही एक गैरसमज काढून टाकायला हवा. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा न्यायालय देते, तीही गुन्हा सिद्ध झाल्यावर. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी उठल्यासुटल्या अटक करू नये, गरज असेल तरच करावी, नाहीतर नोटीस देऊन हजर राहायला सांगावे, असा कायदा आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मुद्दाम बोट ठेवले. म्हणून कुणाला अटक झाली नाही की "पैसे चारले" असे दर वेळी समजू नये. कधी कधी चारलेले असतातही, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी तसे नसते.

आणि ज्याला अटक होते, त्यालाही हक्क आहेत. चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हे आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमातच आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत, एवढेच. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसू नावाच्या गृहस्थांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्राचाच खटला झाला, आणि १९९६ च्या डिसेंबरात निकाल लागला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेचा कागद साक्षीदारासमोर करावा, नातेवाइकाला कळवावे, अंगावरच्या जखमांची नोंद व्हावी, वैद्यकीय तपासणी व्हावी, असे नियम त्यातून निघाले. एका पत्राने एवढे झाले, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे.

आता म्हातारीच्या मुलाकडे येऊ. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे दर चार कैद्यांमागे तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. यांतले पुष्कळ जण आत असतात ते जामीन मिळत नाही म्हणून, आणि काही जण जामीन मिळूनही जामीनदार मिळत नाही म्हणून.

१९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवले आणि त्या गवंड्याला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडायला सांगितले. गरिबाला श्रीमंताच्या मापाने मोजू नका, हा त्या निकालाचा मथितार्थ. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितले की, जामीन मंजूर होऊन महिनाभरात कैदी सुटला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून लक्ष घालून अटी सैल करायच्या का, याचा विचार करावा.

शिवाय नव्या संहितेच्या ४७९ व्या कलमात एक हिशेब दिला आहे. तो प्रत्येक गावात कुणाला तरी पाठ असायला हवा. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा सोडून इतर गुन्ह्यांत, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. आणि ज्याच्यावर पूर्वी कधी गुन्हा सिद्ध झालेला नाही, त्याला एक तृतीयांश काळ झाल्यावर. असा काळ भरला की तुरुंगाच्या अधीक्षकाने स्वतः न्यायालयाला अर्ज करायचा आहे. मात्र एकाहून अधिक खटले चालू असतील, तर हा लाभ मिळत नाही. आता म्हातारीच्या मुलाचा हिशेब करा. साध्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षे. त्याचा तिसरा हिस्सा एक वर्ष. मुलगा आत आहे चौदा महिने. पहिलाच गुन्हा, खटला एकच. मंडळी, मी हा हिशेब पारावर बोटांवर मांडला तेव्हा ती बाई माझ्याकडे नुसती बघत राहिली. दोन महिने! दोन महिने तिचे लेकरू कायद्याने बाहेर असायला हवे होते, आणि ते आत होते.

मग शिक्षेचे काय? एकाच गुन्ह्याला एकाला सहा महिने आणि दुसऱ्याला दोन वर्षे, असे का होते? कायदा बहुतेक गुन्ह्यांना नेमकी शिक्षा सांगत नाही, वरची मर्यादा सांगतो. आतले माप न्यायाधीशाने ठरवायचे. हे मुळात वाईट नाही. भुकेपोटी पहिल्यांदा चोरी करणारा पोरगा आणि धंदा म्हणून चोरी करणारा सराईत यांना एकच शिक्षा कोण देईल? १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने तर काही गुन्हेगारांना चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडताही येते. नव्या न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांना समाजसेवेची शिक्षाही आली आहे. पण माप न्यायाधीशाच्या हाती दिले की दोन ठिकाणी दोन मापे होण्याचा धोका आलाच.

हा धोका केवढा मोठा असू शकतो, ते हरबन्ससिंग खटल्यात दिसले. उत्तर प्रदेशात एका कुटुंबाच्या खुनाबद्दल तिघांना फाशी झाली. गुन्हा एक, पुरावा एक. तिघांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या न्यायाधीशांपुढे गेले. एकाची फाशी १९७७ साली जन्मठेपेत बदलली. दुसऱ्याला ऑक्टोबर १९८१ मध्ये फासावर दिले. तिसऱ्यालाही त्याच दिवशी फाशी द्यायची होती, पण त्याने पुन्हा अर्ज केल्याने ती थांबली. तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. एकाला वाचवून तितक्याच दोषी दुसऱ्याला मारणे हा उघड अन्याय होईल, असे म्हणून १९८२ साली न्यायालयाने तिसऱ्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. पण जो फासावर गेला, त्याच्यासाठी आता काही करता येण्याजोगे नव्हते. इंग्लंडमध्ये शिक्षेची मापे सुचवणारे मंडळ २०१० पासून आहे. आपल्याकडेही मळीमठ समितीने २००३ साली अशा मार्गदर्शक मापांची गरज सांगितली होती. पण तसा कायदा काही अजून झालेला नाही.

लोकांचा संताप इथूनच उफाळतो. मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण जीव गेले, आणि काही तासांत त्याला जामीन मिळाला. अटींमध्ये एक होती तीनशे शब्दांचा निबंध. सारा महाराष्ट्र चिडला. अल्पवयीनांचा कायदा सुधारणेसाठी आहे आणि तो सौम्यच असायला हवा. पण लोकांचा प्रश्न वेगळा होता. मजुराच्या पोराच्या हातून हेच झाले असते, तर त्यालाही निबंधच मिळाला असता का? हा प्रश्न रास्त आहे.

मात्र रास्त संतापही आंधळा झाला की काय होते, तेही आपल्याच राज्यात घडले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच माणसांना ठेचून मारले. ती भटक्या गोसावी समाजाची, पोटासाठी भिक्षा मागत आलेली निरपराध माणसे होती. जमावाने खबर घेतली नाही, पुरावा पाहिला नाही, शिक्षा मात्र दिली, आणि तीही शेवटची. कोर्टाची पायरी चढायची नाही म्हणणारा समाज शेवटी कुठे पोचतो, ते यात दिसते.

आणि आपला स्वतःचा वाटा? पंचनाम्यावर न पाहता सही करणारे पंच आपल्यातलेच. भीतीने किंवा भावकीसाठी कोर्टात साक्ष फिरवणारेही आपल्यातलेच. मग आरोपी सुटला की आपण न्यायाधीशाला नावे ठेवतो. काटा दुकानदाराचा खोटा असेल, पण त्यात घालायचे धान्यच आपण चोरले, तर माप भरणार कसे?

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. शाळेच्या फळ्यावर एक आकडा लिहून ठेवा. १५१००. हा मोफत कायदा साहाय्याचा दूरध्वनी. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतले कैदी यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच त्याची समिती असते. पोलिसांविरुद्ध गंभीर तक्रार असेल, तर २०१४ च्या दुरुस्तीने राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणाची सोय झाली आहे.

म्हातारीसाठी आम्ही त्याच आठवड्यात तालुक्याच्या समितीकडे अर्ज दिला. वकील मिळाला, हिशेब न्यायालयापुढे गेला, आणि मुलगा स्वतःच्या मुचलक्यावर घरी आला. त्याने शेळ्या चोरल्या की नाही, ते खटल्यात ठरेल, आणि तसेच ठरायला हवे. तात्या मात्र अजून रागावलेले आहेत. त्यांच्या मोटारीच्या खटल्याची तारीख अजून पुढेच पडते आहे. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. फक्त आता ते दर तारखेला साक्षीला हजर राहतात. "शहाणा असो नसो," ते म्हणतात, "पायरी चढायलाच पाहिजे."