चीक, लस आणि सोळावा आठवडा

बारामती-इंदापूर भागात जनावरांच्या डॉक्टरचा दिवस गोठ्यात उजाडतो. कुठे गाय अडलेली असते, कुठे कासदाह, कुठे संकरित वासराला गोचीडताप. दुपारनंतर दवाखान्यात मात्र कुत्री येतात, आणि त्यांत हल्ली कॉकर स्पॅनियलची पिल्लं बरीच असतात. लांब कान, ओले डोळे, पोरांच्या हट्टापायी घेतलेली. मालक सांगतो दोन महिन्यांचं आहे. तोंड उघडून बघावं तर दुधाचे दातही पुरते आलेले नसतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरीही महिन्याभराची पिल्लं आईपासून तोडून विकली जातात, आणि पुढच्या निम्म्या दुखण्यांची सुरुवात तिथेच होते.

तोंडात बघताना माझं लक्ष हिरड्यांवर असतं. बोटाने दाबून सोडलं की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढऱ्याफटक असतील तर पोटात अंकुशकृमी किंवा अंगावर गोचीड, पुष्कळदा दोन्ही. गोलकृमी आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, अंकुशकृमी दुधातून येतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करून पंधरा-पंधरा दिवसांनी द्यावं लागतं. पिल्लू घरी आल्यावर देऊ, असं म्हणून चालत नाही.

मग लस. "एक इंजेक्शन झालंय की, डॉक्टर," हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. त्यावर मी गोठ्याचाच दाखला देतो. वासराला जन्मल्याबरोबर चीक पाजायचा, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. कुत्रीच्या पहिल्या दुधातूनही पिल्लाला तशीच प्रतिकारशक्ती मिळते. अडचण अशी, की ती आजाराच्या विषाणूला अडवते तशी लसीतल्या विषाणूलाही अडवते. सहाव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान ती ओसरत जाते, पण एकाच वेताच्या दोन पिल्लांत वेगवेगळ्या वेळी. मधे काही दिवस असे जातात, की आईकडून आलेली ताकद आजार थोपवायला अपुरी असते, पण लस निकामी करायला पुरेशी. हे दिवस नेमके कोणते, ते पिल्लाकडे बघून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. माझ्या मते तो शेवटचा डोस सर्वांत मोलाचा, आणि लोक नेमका तोच चुकवतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, वेगळी.

लसीची बाटली एवढीशी. एका कुपीत पांढरी वडी, दुसरीत पातळ औषध; टोचायच्या वेळीच दोन्ही एकत्र करायची. पुष्कळ कंपन्यांच्या लसींत त्या पातळ औषधातच लेप्टोस्पायरोसिसची लस असते. उसाच्या पट्ट्यात तिचं महत्त्व फार. फडात उंदीर, उंदराच्या मुतात हा जंतू, आणि पाटाच्या साचलेल्या पाण्यात तोंड घालणारं पिल्लू. पुढे कावीळ आणि मूत्रपिंडं निकामी. हा रोग माणसालाही होतो.

एवढं करूनही पार्वो येतोच. लोक त्याला गॅस्ट्रो म्हणतात. पिल्लू आधी मलूल होतं, मग उलट्या, मग रक्ताळलेले जुलाब. त्या जुलाबाचा वास एकदा नाकात बसला की दारातूनच ओळखू येतो. तपासणीच्या पट्टीवर विष्ठेचा थेंब टाकून खात्री करायची, पुढच्या पायावरचे केस काढून बारीक शीर शोधायची आणि सलाईन लावायचं. विषाणूवर थेट औषध आपल्या हाताशी नाही. पाणी, क्षार आणि साखर टिकवत, उलटी थांबवत, दुसऱ्या जंतूंना रोखत पिल्लाला चार-पाच दिवस तगवायचं. घरी गेल्यावर फरशी फिनेलने पुसतात, पण पार्वो फिनेलने मरत नाही. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं ते ओलं राहू द्यायचं. अंगणातल्या मातीत तो वर्षभरही टिकतो, म्हणून त्याच अंगणात लगेच दुसरं पिल्लू आणू नये.

गोचिडाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. गाईवर फवारायचं औषध उरलेलं असतं, तेच पिल्लाला चोळतात. गाईच्या वजनाला बेतलेलं ते औषध दोन किलोच्या पिल्लाला विषच ठरतं. ते थरथरायला लागतं किंवा सुस्त पडतं, अंग गार होतं. पिल्लाचं वय आणि वजन सांगून वेगळं औषध घ्या.

स्पॅनियलचं खरं दुखणं कान. लोंबत्या, केसाळ कानात हवा खेळत नाही, आत ओल राहते आणि बुरशी वाढते. पावसाळा सरला की त्यात कुसळाची भर पडते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडची, शिर्सुफळची, कडबनवाडीची गवताळ माळरानं तेव्हा पिकलेली असतात. कुसळाचे बारीक केस एकाच दिशेने वळलेले असल्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. कानात गेलं की पिल्लू मान तिरकी करून डोकं झटकत राहतं. पायाच्या बोटांत गेलं तर गळू होतं, आणि एक्स-रेत कुसळ दिसत नाही. फिरून आल्यावर कानाची आतली बाजू आणि बोटांमधली प्रत्येक फट हाताने चाचपावी, तिथले केस आखूड कापावेत.

त्याच माळावर लांडगे आणि खोकडही आहेत. कुत्र्यांतला डिस्टेंपर त्यांनाही मारतो. 1994 साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत जवळपास एक तृतीयांश सिंह या रोगाने गेले. 2018मध्ये गीरच्या मेलेल्या सिंहांत हाच विषाणू सापडला. त्यामुळे कॉकरबरोबर वस्तीवरची आणि मेंढपाळांची पिल्लंही टोचून झाली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. मेंढपाळांच्या बाबतीत अडचण तारखांची. दुसऱ्या डोसाची वेळ येते तेव्हा मेंढरांचा वाडा पुढच्या तालुक्यात गेलेला असतो. म्हणून त्यांच्या कार्डावर मी लसीचं नाव आणि पुढच्या सगळ्या तारखा मराठीत, ठळक अक्षरांत लिहितो, आणि वाडा जिथे पडेल तिथल्या डॉक्टरांना ते दाखवायला सांगतो.