पंपामागचं दुकान : अमेरिकेतल्या ‘केसीज’ची गोष्ट

अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, त्यामुळे आपला पेट्रोल पंप तिथे गॅस स्टेशन होतो. केसीज ही अशाच पंपांची साखळी. पण तिचा इतिहास समजून घ्यायचा तर पंपापेक्षा त्यामागच्या दुकानाकडे जास्त बघावं लागतं.

सुरुवात आयोवा राज्यातली. मक्याची शेतं आणि मधूनमधून विखुरलेली छोटी गावं, असा हा मुलूख. १९५९ मध्ये डॉन लॅम्बर्टी यांनी डे मॉइन शहरात घरच्यांचं दुकान भाड्याने चालवायला घेतलं. त्यांना पेट्रोल पुरवणारे त्यांचे मित्र कर्व्हिन सी. फिश यांनी सुचवलं, की तीन पंप असलेली एक छोटी तेल कंपनी विकायला आहे, ती घ्या. त्यातल्या बून गावच्या पंपाचं १९६८ मध्ये दुकान झालं. फिश यांची आद्याक्षरं के. सी., त्यावरून नाव पडलं केसीज.

पुढचं दुकान होतं वॉकी गावात. तेव्हा या गावाची लोकसंख्या जेमतेम दीड हजार. एवढ्याशा गावात धंदा होणार कसा, असं कुणालाही वाटेल. पण दुकान चाललं, आणि चांगलं चाललं! तेव्हा लॅम्बर्टी यांनी धोरणच ठरवलं : पाच हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावांत जायचं. मोठ्या साखळ्या तिकडे फिरकत नव्हत्या. जागा स्वस्त आणि स्पर्धा कमी.

आता यातलं गणित बघा. पेट्रोलची विक्री रकमेने मोठी दिसते, पण एका गॅलनमागे सुटतात ते काही सेंट. शिवाय भाव समोर फलकावर लिहिलेला असतो, त्यामुळे थोडाही चढा लावला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. म्हणजे पेट्रोल माणसाला दारापर्यंत आणतं, कमाई होते ती आत. आतही डबाबंद मालापेक्षा जागेवर बनवलेल्या पदार्थांत जास्त सुटतं. केसीजने हे लवकर ओळखलं आणि १९८४ पासून दुकानातच पिझ्झा भाजायला सुरुवात केली. ज्या गावात पिझ्झाचं दुसरं दुकानच नाही, तिथे शाळेचा सामना संपल्यावर लोक जाणार कुठे? पंपावरच! आज पिझ्झा विकणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या पाच साखळ्यांत केसीज गणली जाते.

दुसरी अडचण मालाची. विखुरलेल्या गावांत रोज ताजा माल पोचवायचा कसा? त्यासाठी अँकनी इथे कंपनीने स्वतःचं गोदाम उभारलं, ट्रकही स्वतःचेच ठेवले. त्या गोदामापासून गाडी किती लांब जाऊ शकते, यावरून नवीन दुकान कुठे काढायचं हे ठरे. साखळी प्रादेशिक राहिली याचं हे एक मोठं कारण.

१९८३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. त्यातून भांडवल मिळालं, तसा धोकाही आला. २०१० मध्ये कॅनडाच्या कुश-टार कंपनीने केसीजच्या संचालकांचा विरोध असतानाही ती विकत घ्यायचा प्रयत्न केला. केसीजने कर्ज काढून स्वतःचेच शेअर परत घेतले, भागधारक संचालकांच्या मागे उभे राहिले, आणि कुश-टारने माघार घेतली. कंपनी स्वतंत्र राहिली, पण कर्जाचा भार डोक्यावर आला.

आज दुकानं अडीच हजारांहून जास्त आहेत, आणि त्यांतली सुमारे निम्मी अजूनही अशाच छोट्या गावांत आहेत. ज्या गावातला किराणा बंद पडला, तिथे दूध, पाव, कॉफी आणि गरम जेवण मिळण्याची जागा पुष्कळदा हा पंपच असतो. गावाची सोय झाली, हे खरंच. पण ते दुकान ठेवायचं की बंद करायचं, याचा निर्णय मात्र गावाच्या हातात नसतो. पूर्वीचा दुकानदार गावातच राहायचा, उधारी लिहून ठेवायचा. आता हिशेब अँकनीत होतो. केसीजचं यश मोजताना या दोन्ही गोष्टी एकत्र मांडायला हव्यात, एवढंच मला सांगायचं आहे.