कळांच्या वेळची सोबतीण

बाळंतपणाच्या गप्पांत टाके येतात, सिझर येतं, बाळाचं वजन येतं. कळा सुरू असताना जवळ कोण होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मी गेली अनेक वर्षं भेटेल त्या आईला हेच विचारते. सोलापुरात बहुतेकींचं उत्तर एकच असतं: ‘आत कुणीच नव्हतं. आई बाहेर बसलेली.’

मुंबई-पुण्यात या सोबतीसाठी आता शिकलेली बाई मिळते, तिला डूला म्हणतात. ती आतून तपासत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. ते डॉक्टर-नर्सचं काम. नर्सला एका वेळी चार खाटा बघाव्या लागतात, डूला एकाच बाईजवळ थांबते. तिला चालवते, कुशीवर वळवते, घोटघोट पाणी पाजते, श्वासाची लय धरून देते.

आणि पाठ दाबते! या दाबाबद्दल मला किती बोलू असं होतं. अक्कलकोट तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या सुईणीने तो मला माझ्याच पाठीवर दाखवला. माकडहाडाच्या जरा वर तळहात रोवून म्हणाली, “कळ उतरेपतुर हात काढायचा न्हाई बघ.” पुढे डूलांच्या प्रशिक्षणात नेमका हाच दाब शिकवतात असं कळलं, तेव्हा त्या आजींची फार आठवण झाली. बाळाचं डोकं मागच्या हाडावर दाबतं तेव्हा बाहेरून दिलेल्या या दाबाने कंबर सैल पडते. त्याहून मोठं काम ती सोबत करते, भीती कमी करण्याचं. बाई घाबरली की अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, कळा आणणारं ऑक्सिटोसिन मागे हटतं आणि कळा रेंगाळतात.

ग्वाटेमालातल्या एका इस्पितळात केनेल, क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोबतीचा हा परिणाम मोजला. 1980 साली छापलेल्या त्या अभ्यासात सोबतीण होती एक अनोळखी, साधी बाई. गुंतागुंत नसलेल्या बाळंतपणांत दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत एकट्या बायकांना सरासरी 19 तास लागले, सोबत असलेल्यांना 9 तासांच्याही आत. पुढे ह्यूस्टनमध्ये, 1991 साली, सिझरचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आलेलं दिसलं. एवढं करणारं औषध निघालं असतं, तर ते प्रत्येक प्रसूतिगृहात असतं.

इतिहास थोडक्यात सांगते. 1885 मध्ये बायकांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरीन फंड निघाला, आपल्या सोलापुरातल्या डफरीन चौकाला ते नाव तिथूनच आलं. मग दायांची प्रशिक्षणं झाली, 2005 नंतर आशाताई आल्या आणि बाळंतपणं दवाखान्यात गेली. रक्तस्राव आणि झटके घरी आवरत नाहीत, त्यामुळे हे चांगलंच झालं. पण सुईणीबरोबर तिची सोबतही दाराबाहेर राहिली.

बाळंतपणानंतरची सोबत आपल्याकडे अजून टिकून आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या घरांतही सव्वा महिना जपायची धडपड मी पाहिली आहे. शेक, मालीश, अळीव, डिंकाचे लाडू खुशाल चालू द्या. बंद खोलीतली धुरी मात्र थांबवा, कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. पहिला पिवळसर चीक तासाभरात बाळाच्या पोटात गेला पाहिजे. डूला आईला बाळ छातीशी धरायला शिकवते आणि तिची झोप राखते. पहिल्या आठवड्यात आईला उगाच रडू येणं नेहमीचं. दोन आठवड्यांनंतरही उदासी हटली नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. दवाखान्यात बाळंत झालेलीकडे आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येतात. त्यांच्याशी बाळाबरोबर आईबद्दलही बोला.

पैसे देऊन डूला ठेवणं प्रत्येक घराला जमणार नाही. पण सरकारी प्रसूतिगृहात एक सोबतीण आत असावी, असं केंद्र सरकारने 2016 मध्येच सांगितलं आहे. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, संसर्गाचा आजार नसलेली, शेवटपर्यंत थांबणारी असावी आणि तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये. तेव्हा सातव्या महिन्यातच मावशी, जाऊ की आई, हे ठरवा. तिला पाठीचा दाब शिकवा आणि नाव नोंदवायला जाल तेव्हाच डॉक्टरांना सांगा की ही आमची बाई आत थांबणार आहे.