कट्टा, कोयता आणि काडतूस

पोलिसांच्या पंचनाम्यात एक ओळ ठरलेलीच असते : ‘गावठी बनावटीचे एक पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे.’ या पिस्तुलावर, म्हणजे कट्ट्यावर, धड नाव नाही, क्रमांक नाही. काडतुसाच्या बुडावर मात्र पुष्कळदा ‘केएफ’ अशी अक्षरे असतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. ही अक्षरे ध्यानात ठेवा.

आधी गप्पांमध्ये हमखास निघणारा मुद्दा घेऊ. ‘स्वसंरक्षणाचा हक्क आहे ना, मग शस्त्राचाही आहेच.’ तो अमेरिकेत आहे, राज्यघटनेतच लिहिलेला. आपल्याकडे नाही, आणि तो अनवधानाने राहून गेला असेही नाही. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले, ही स्वातंत्र्य चळवळीची जुनी तक्रार. १९३१च्या कराची काँग्रेसने शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. त्याच आधारावर ह. वि. कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता : असा हक्क दिला, तर सराईत चोर-दरोडेखोरही तो सांगत येतील. दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणून १९५९च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो तो परवाना, म्हणजे परवानगी. अधिकारी कारणे नोंदवून ती नाकारू शकतो, काढूनही घेऊ शकतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

दुसरा समज : ‘आपल्याकडेही आता अमेरिकाच झाली.’ गोळीबाराची बातमी आली की हे वाक्य ऐकू येतेच. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या २०१७च्या अंदाजानुसार अमेरिकेत शंभर माणसांमागे १२० बंदुका नागरिकांकडे, भारतात पाच. शिवाय आपल्या गल्लीतली दहशत बंदुकीची कमी आणि कोयत्याची जास्त. ज्याने ऊस तोडायचा, नारळ सोलायचा, तोच कोयता पोरे शर्टात लपवून हिंडतात. गंमत अशी, की केवळ शेतीकामासाठी किंवा घरकामासाठी बनवलेली वस्तू शस्त्र कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ नाहीच. २०२३च्या सुरुवातीला पुणे पोलिसांनी दुकानदारांना, कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवा, असे सांगितले होते. शेतकऱ्याने विळा घेतानाही आधार दाखवायचे का, या प्रश्नावर कायद्याच्या पुस्तकात फारसे काही सापडत नाही.

तिसरा समज मात्र दुधारी आहे. एक बाजू म्हणते, परवाने बंद करा, गोळीबार थांबेल. बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे २०२५च्या सुरुवातीला चर्चेत आले, तेव्हा हाच सूर होता. कमरेला पिस्तूल लावून व्हिडिओ काढणाऱ्यांचे परवाने जावेत, यात वाद नाही. ते शस्त्र संरक्षणासाठी नसून मिरवण्यासाठीच असते. पण वरच्याच अंदाजात भारतातल्या नागरिकांकडच्या सुमारे ७ कोटी बंदुकांपैकी नोंदणी झालेल्या एक कोटीही नाहीत. बंदुकीने होणाऱ्या खुनांतही बहुतांश शस्त्रे बिनपरवान्याची असतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, सीमेपलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी आहे. गावठी पिस्तुलांच्या गुन्ह्यांत हे नाव वारंवार येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथवर जाऊन भट्ट्या मोडल्या. कोकणात रानडुकरांपासून भात राखायला ठासणीची बंदूक बाळगणारा शेतकरी निवडणूक लागली की ती कापडात गुंडाळून पोलिस ठाण्यात जमा करतो, पावती घेतो. कट्टेवाला काय जमा करणार?

यावर दुसरी बाजू टाळी देते : ‘बघा, परवानाधारकांचा काही संबंधच नाही!’ इथे ते केएफ पुढे येते. कट्टा भट्टीवर घडवता येतो. नळी, घोडा, स्प्रिंग, सगळे कानस आणि हातोडीने जमते. काडतुसाचे तसे नाही. पितळी पुंगळी अचूक मापाची लागते, बुडातली टोपी ठोका बसताच पेटावी लागते. ते कारखान्याचेच काम. खडकीच्या सरकारी कारखान्यातले ७.६५ मिमीचे काडतूस कायद्याने परवानाधारक दुकानदारामार्फत परवानाधारकालाच विकता येते. एका वेळी किती, वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेले असते. तरी ते कट्ट्यात सापडते. काही चोरीची असतील. पण दुकानदार आणि परवानाधारकांनीच काडतुसे चोरट्या बाजारात विकल्याची प्रकरणेही पोलिसांनी उघडकीस आणली आहेत. म्हणजे कट्ट्याचे अन्न परवान्याच्या खिडकीतूनही जाते.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कट्टा किती हजारांना घेतला, ते छापून येते. ती दोन काडतुसे कोणाच्या परवान्यावर विकली गेली होती, ते वाचल्याचे मला तरी आठवत नाही.