खेळातली गाडी आणि प्रमाणातली गाडी

अमेरिकेत नाताळच्या झाडाभोवती फिरणारी लायोनेलची गाडी पाहिली, की प्रथम नजरेत भरतो तो रुळांमधला तिसरा रूळ. आगगाडीच्या खऱ्या मार्गावर असा मधला रूळ सहसा दिसत नाही. पण मुलाने मार्ग गोल वळवून गाडी त्याच रुळावर उलट आणली, तर दोन रुळांच्या मांडणीत शॉर्टसर्किट होते. मधल्या रुळामुळे ते टळते. म्हणजे ही चूक नव्हे, सोय आहे. दिवाणखान्यात मावणारी तीव्र वळणे हीही तशीच सोय.

प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्यांचा आग्रह निराळा. ‘एचओ’ प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळच्या १/८७ असते. त्यामुळे १४३५ मिलिमीटरचा मार्ग १६.५ मिलिमीटरचा होतो. १९३५ साली मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने चाके व रुळांची मापे ठरवून दिली आणि निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्या एकाच मार्गावर धावू लागल्या.

तथापि तडजोड येथेही आहेच. अमेरिकेतील १:४८ प्रमाणाच्या गाड्या सहसा सव्वा इंची मार्गावर धावतात. हिशेब केला तर मूळ मार्ग पाच फुटांचा ठरतो. प्रत्यक्षात तो चार फूट साडेआठ इंचांचा. काटेकोरपणाचा टेंभा मिरवणाऱ्यांनी खेळण्यांना हसावे, हे म्हणूनच जरा गमतीचे. भारतीय ब्रॉडगेजची अडचण तर याहून मोठी. १६७६ मिलिमीटरचा मार्ग १/८७ प्रमाणात १९ मिलिमीटरहून अधिक भरतो, तयार मिळणारा एचओ मार्ग मात्र १६.५ चाच. ‘डेक्कन क्वीन’चा डबा करायचा, तर चाके आत ओढून घ्यावी लागतात, नाहीतर रूळ स्वतःच घडवावे लागतात.